औट

सातला दोनांनी भागलं तर किती?
आमच्या भाषेत अकरा वर्षं उत्तर होतं: तीन.
उरलेलं अर्धं कुठे जायचं, कोणी विचारलं नव्हतं.
ती ओळ मीच लिहिलेली,
लश्करात, दौलतगंजच्या गच्चीवरच्या खोलीत,
कूलरचं पाणी संपलेल्या एका रात्री.
मीही विचारलं नव्हतं.

मग लागोसच्या इफेओमानं प्रस्ताव मांडला.
क्रमांक एकशे बेचाळीस, दीड पान.
भागाकारानं काही गिळू नये, एवढंच म्हणणं.

दीड पानाला चार वर्षं लागली.
आधी चर्चा. मग कोणीतरी करून दाखवायचं.
मग चाचण्या, नऊ हजार, त्यातल्या सहाशे लाल.
ताल्लिनचा मार्ट रोज दहा हिरव्या करून झोपायचा;
त्याचा आवाज मी आजवर ऐकलेला नाही.
मग एका आवृत्तीत नुसता पिवळा इशारा:
यापुढे तीन राहणार नाही.
पुढच्या आवृत्तीत तोच, जरा वरच्या पट्टीत.
लोक इशारे वाचत नाहीत.
मीही नाही. गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते,
कोण बघतं?

मुरैन्याच्या दीनानाथ कुशवाहांनी वाचला.
गजकचा कारखाना. पुतण्यानं प्रोग्रॅम लिहून दिलेला,
तो आता सुरतेत, फोन उचलत नाही.
'दीदी, आधा डब्बा कौन ख़रीदेगा?'
सात किलो गजक, दोन किलोचा डबा,
डबे तीनच होतात. उरलेला किलो पोरं खातात.
ऐन संक्रांतीत यंत्र साडेतीन डबे मागू लागलं तर?

मी तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं.
त्यांचं चूक नव्हतं.
इफेओमाचंही नव्हतं, हीच पंचाईत.

शेवटी दोन तिरक्या रेघा काढल्या.
एक रेघ: सगळं उत्तर, अर्ध्यासकट.
दोन रेघा: डब्यांचा हिशेब.
मतं घेतली. अकरा होकार,
आणि एक, 'पसंत नाही, पण अडवणार नाही.'
हे मत मला सगळ्यात जवळचं. आमचं सगळं
त्याच्यावर चालतं.

काल रात्री लाइट गेली. अकरा वाजता बेचाळीस डिग्री.
खालचे सरनोबत सर फोन चार्ज करायला वर आले,
इन्व्हर्टर माझ्याकडेच म्हणून.
पडद्याकडे बघून म्हणाले, एवढं काय चाललंय?
म्हटलं, सातला दोनांनी भागतेय.
'औट,' म्हणाले, टेबलावर पट्टी आपटावी तसे.
'एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा...'
चौदापाशी थांबले. 'पुढचं गेलं.'

मला शब्द माहीत नव्हता.
म्हणजे होता. औट घटकेचं राज्य, म्हणतोच की आपण.
तिथे तो उरलाय, जुन्या कोडात एखादी ओळ उरते तसा:
काय करते ठाऊक नाही,
काढायची कोणाची छाती नाही.
बाकी सगळीकडून कधी काढला? कोणत्या आवृत्तीत?
पिवळा इशारा कोणाला दिसला होता?
निदान एकजण तरी म्हणाला होता का,
पसंत नाही, पण

किल्ल्यावरचे दिवे आधी आले, मग आमचे.
सरांनी फोन काढला, बावीस टक्के, पुरे म्हणाले.
मी कळ दाबली. एकशे बेचाळीस भाषेत गेला.
आवाज काही झाला नाही.

मग कुशवाहांची फाइल उघडली
आणि त्यांच्या सत्तेचाळीस भागाकारांना
हातानं दुसरी रेघ देत बसले.
एकेचाळिसाव्याला थांबले.
गजक कुटणाऱ्या जोडीची मजुरी, भागिले दोन.
आठ हंगाम तिथेही अर्धा रुपया सुटत होता,
दोघांचाही.

तिथे एकच रेघ ठेवली.
शेजारी लिहिलं,
दीनानाथजी, हे एकदा बघा.